समेट आणि समज : फ्रेंच-जर्मन युवक-उपक्रमांचा भाषादृष्टीने विचार

१. प्रास्ताविक

दोन समाजांमधील वैर संपणे ही एक गोष्ट, आणि त्या समाजांतील माणसांना एकमेकांचे म्हणणे कळणे ही दुसरी. व्यवहारात या दोहोंची गल्लत वारंवार होते. राजकीय भाषणांत तर ती हटकून होते. जर्मन भाषेने या दोन गोष्टींसाठी एकाच धातूपासून दोन शब्द घडविले आहेत. ‘फेरश्टेंडिगुंग’ या शब्दात परस्परांशी बोलता येणे आणि बोलून तडजोडीला येणे, असे दोन्ही अर्थ आहेत. ‘फेरश्टेंडनिस’ या शब्दात दुसऱ्याचे अंतरंग जाणण्याचा अर्थ प्रधान आहे. मराठीतही ‘समजणे’ या क्रियापदाभोवती असाच गोतावळा आहे. ‘समज’ म्हणजे आकलन. पण ‘समजूत’ म्हणजे पुष्कळदा नुसता ग्रह, आणि ‘समजूत घालणे’ म्हणजे शांत करणे. रुसलेल्या माणसाची समजूत घालणारा त्याचे गाऱ्हाणे समजून घेतोच, असे नाही. किंबहुना गाऱ्हाणे ऐकावयास लागू नये म्हणूनच कित्येकदा समजूत घातली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात तरुणांना एकत्र आणण्याचे जे उपक्रम सुरू झाले, त्यांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. या उपक्रमांचा विस्तार मोठा आहे. १९८७ मध्ये अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ योजनेचा लाभ आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी घेतला आहे. २०१८ पासून युरोपीय संघ अठरा वर्षांच्या निवडक तरुणांना खंडभर हिंडण्यासाठी रेल्वेचे मोफत पास देत आहे. या सर्व योजनांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांपैकी सर्वांत जुनी आणि अभ्यासास सर्वांत सोयीची अशी जी फ्रेंच-जर्मन परंपरा, तिच्यातील तीन गोष्टींचा, म्हणजे एक पारितोषिक, एक संस्था आणि एक पुस्तक यांचा, विचार येथे केला आहे. पारितोषिक सर्व युरोपीय संघाचे असले, तरी त्याचे नाव आणि स्थान याच परंपरेतले आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे : या उपक्रमांनी समेट घडवून आणण्यास मोठा हातभार लावला, हे निर्विवाद आहे, परंतु समज मात्र तेथेच निर्माण झाली, जेथे भाषाभेद ही अडचण मानून बाजूला न सारता त्या भेदालाच अभ्यासाची सामग्री बनविण्यात आले.

२. स्ट्रासबुर्गच्या शपथा

हा निकष आपण बाहेरून लादतो आहोत असे वाटू नये, यासाठी प्रथम या परंपरेच्या उगमाशी असलेल्या एका घटनेकडे वळू. १४ फेब्रुवारी ८४२ या दिवशी शार्लमेनचे दोन नातू, पूर्वेकडील लुडविग आणि पश्चिमेकडील चार्ल्स, आपापल्या सैन्यासह स्ट्रासबुर्ग येथे भेटले आणि थोरला भाऊ लोथार याच्याविरुद्ध परस्परांना साहाय्य करण्याच्या शपथा त्यांनी घेतल्या. निथार्ड या समकालीन इतिहासकाराने त्या आपल्या लॅटिन इतिहासग्रंथात मुळाबरहुकूम उतरवून ठेवल्या. रोमान्स शपथेची ही नोंद म्हणजे फ्रेंच भाषेचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेख होय. त्यामुळे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ती परिचित असतेच.

तथापि तिच्यातील ध्वनिपरिवर्तनाच्या पुराव्याकडे पाहताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. जर्मन सैन्याचा राजा लुडविग याने शपथ घेतली ती रोमान्स भाषेत, आणि रोमान्स बोलणाऱ्यांचा राजा चार्ल्स याने घेतली ती जर्मन भाषेत. प्रत्येकाने दुसऱ्याच्या सैन्याची भाषा उच्चारली. त्यानंतर सैनिकांनी मात्र आपापल्या भाषेत शपथ घेतली : आपला राजा वचनास चुकला, तर आपण त्याला त्या कामी साहाय्य करणार नाही. राजांनी परभाषा वापरली ती सौजन्य म्हणून नव्हे. समोरच्या सैनिकांना शब्द न् शब्द कळावा, आणि उद्या शपथ मोडली तर ते साक्षी असावेत, हा तिचा हेतू होता. दुसऱ्याच्या भाषेत बोलणारा माणूस स्वतःला बांधून घेतो. त्याला शब्दात पकडता येते. दोघांनाही सोयीची अशी तिसरी भाषा, म्हणजे लॅटिन, त्या वेळी उपलब्ध होती. निथार्डने आपला ग्रंथ तिच्यातच लिहिला. परंतु शपथेच्या प्रसंगी तिचा उपयोग नव्हता, कारण ती पंडितांना आणि धर्मगुरूंना कळत होती, सैनिकांना नव्हे.

यानंतर अकराशे वीस वर्षांनी, ९ सप्टेंबर १९६२ रोजी, फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेत भाषण केले. पहिल्या महायुद्धात १९१६ साली व्हर्दां येथे पकडले जाऊन जर्मनीत युद्धबंदी म्हणून राहिलेला हा सेनानी होता. त्याने शत्रूची भाषा तोंडपाठ केलेल्या भाषणापुरती का होईना उच्चारावी, या गोष्टीचा परिणाम भाषणातील आशयाहून अधिक झाला. पुढे २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि आडेनाउअर यांनी एलिझे प्रासादात जो करार केला, त्यात परस्परांची भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढविण्याचे कलम आले, आणि त्याच वर्षी ५ जुलै रोजी फ्रेंच-जर्मन युवक-कार्यालय स्थापन झाले. अर्थात समेटाच्या या आधुनिक पर्वाच्या मुळाशीही, स्ट्रासबुर्गप्रमाणेच, दुसऱ्याच्या भाषेत बोलण्याची कृती होती.

३. पारितोषिक आणि त्याची भाषा

आखेन नगरात १९५० पासून शार्लमेनच्या नावाने युरोपीय ऐक्यासाठी झटणाऱ्यांना एक पारितोषिक देण्यात येते. २००८ पासून त्याच्या जोडीला युवकांसाठी दुसरे पारितोषिक सुरू झाले. युरोपीय संसद आणि आखेनचे पारितोषिक-प्रतिष्ठान ते संयुक्तपणे देतात. सोळा ते तीस वर्षे वयाच्या तरुणांनी चालविलेले, युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्य वाढविणारे, आपण एका समुदायाचे आहोत ही जाणीव जोपासणारे आणि इतर तरुणांपुढे उदाहरण घालून देणारे उपक्रम त्यासाठी विचारात घेतले जातात. प्रत्येक सदस्य-देशातून एक उपक्रम निवडला जातो आणि त्यांतून अंतिम विजेते ठरतात.

या योजनेचा एक गुण प्रथम मान्य केला पाहिजे. लहान गावांत, तुटपुंज्या साधनांनी चाललेल्या कामाकडे ती राष्ट्रांचे लक्ष वेधते. युरोपचे ऐक्य ही मंत्र्यांची आणि सचिवांची मिरास नाही, हे तिने दाखवून दिले. परंतु भाषेच्या अभ्यासकाला पारितोषिकाच्या नावापासूनच प्रश्न पडू लागतात. ज्या सम्राटाच्या नावाने ते दिले जाते, त्याला फ्रेंच लोक ‘शार्लमेन’ म्हणतात आणि जर्मन लोक ‘कार्ल डेर ग्रोसे’. ज्या नगरात ते दिले जाते, त्याला जर्मन लोक ‘आखेन’ म्हणतात आणि फ्रेंच लोक ‘एक्स-ला-शापेल’. नावे दोन आहेत, कारण वारसे दोन आहेत. एकाच्या इतिहासात हा पुरुष फ्रान्सच्या राजमालिकेत बसतो, दुसऱ्याच्या इतिहासात तो जर्मन साम्राज्याचा आद्य पुरुष ठरतो. सामंजस्याचा अभ्यास येथूनच सुरू होऊ शकला असता; पारितोषिकाच्या कसोट्यांत मात्र या प्रश्नाला स्थान नाही.

आता विजेत्या उपक्रमांची नावे पाहावीत. २००९ साली पोलंडमधील ‘यूरोप नीड्स यू’ हा उपक्रम पहिला आला. त्याच्या नावात एक श्लेष आहे : ‘युरोप’ या नावाचे पहिले अक्षर आणि ‘तुम्ही’ या अर्थाचे इंग्रजी सर्वनाम यांचा उच्चार एक असल्यामुळे ‘युरोपला तुमची गरज आहे’ हे वाक्य ‘युरोप’ शब्दातच सामावलेले दिसते. हा श्लेष फक्त इंग्रजीत चालतो. पोलिश माणूस ‘एउरोपा’ म्हणतो, जर्मन माणूस ‘ऑयरोपा’ म्हणतो, आणि फ्रेंच उच्चारात तर ‘यु’ हा ध्वनी मुळीच नाही. २०१३ साली स्पेनच्या वतीने विजयी झालेल्या ‘युरोप ऑन ट्रॅक’ या रेल्वेप्रवासाच्या उपक्रमाच्या नावातही ‘रुळांवर’ आणि ‘योग्य मार्गावर’ असा दुहेरी अर्थ आहे, तोही इंग्रजीचाच. ज्या संघाच्या अधिकृत भाषा चोवीस आहेत, त्याच्या तरुणांना ऐक्याचे शब्दखेळ सुचतात ते एका चौकटीतल्या भाषेत, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

यात तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. पाच देशांतील मुले एका खोलीत बसली की ज्या भाषेत सर्वांचे निभते ती भाषा चालू होते. परंतु निभणे आणि कळणे यांत अंतर आहे. तिसऱ्या भाषेत प्रत्येकजण आपला शब्द आणताना त्याचा इतिहास दाराबाहेर ठेवून येतो. ‘समेट’ याच कल्पनेचे उदाहरण घेऊ. जर्मन ‘फेरझ्यूनुंग’ या शब्दात ‘झ्यूने’ म्हणजे प्रायश्चित्त हा अर्थ दडलेला आहे. फ्रेंच ‘रेकाँसिलियासियाँ’ या शब्दात पुन्हा एकत्र येण्याचा अर्थ आहे. पहिला शब्द अपराधाची आठवण करून देतो, दुसरा पूर्वीच्या सख्याची. जर्मन आणि फ्रेंच विद्यार्थी एकमेकांशी इंग्रजीत बोलून या विषयावर सहज एकमत होतात. एकमत होते, कारण ज्या ठिकाणी मतभेद होता तो शब्दच कोणी उच्चारलेला नसतो.

४. युवक-कार्यालयाची पद्धती

फ्रेंच-जर्मन युवक-कार्यालयाने १९६३ पासून नव्वद लाखांहून अधिक तरुणांना परस्परांच्या देशांत जाण्याची संधी दिली. त्याच्या आधीपासून दोन्ही देशांतील नगरांनी आपसांत स्नेहसंबंध जोडण्याची प्रथा पाडली होती. लुडविग्सबुर्ग आणि माँबेलियार यांनी १९५० मध्ये तिचा प्रारंभ केला, आणि आज अशा जोड्या दोन हजारांहून अधिक आहेत. शाळांच्या सहली, क्रीडासंघांच्या भेटी, कारागीर उमेदवारांची देवाणघेवाण ही सर्व कामे या जाळ्यातून होतात.

या संख्येहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्यालयाने विकसित केलेली भाषापद्धती. आरंभी असे गृहीत धरले गेले होते, की तरुण एकत्र राहिले की भाषा आपोआप येईल. अनुभव निराळा आला. एकत्र आणलेल्या दोन गटांतील मुले जेवणाच्या टेबलावर आपापल्या भाषेच्या माणसांजवळ बसतात, आणि दोन्ही भाषा जाणणारा एखादा शिक्षक साऱ्या संभाषणाचा मक्तेदार होऊन बसतो. यावर उपाय म्हणून ‘भाषाचेतना’ म्हणता येईल अशी खेळांची पद्धती रूढ झाली. तिच्यात व्याकरण शिकविले जात नाही. हातवारे, चित्रे, गाणी, वस्तूंची नावे यांच्या साहाय्याने दुसऱ्याच्या भाषेची भीती घालविली जाते आणि चूक करण्याची लाज मोडली जाते. जोडीला निरनिराळे व्यवसाय व खेळ यांचे छोटे द्विभाषी शब्दसंग्रह कार्यालय प्रसिद्ध करते. सुतारकाम शिकणाऱ्या मुलाला प्रथम लागते ते रंध्याचे नाव, साहित्याचा इतिहास नव्हे, ही जाण त्यांच्यामागे आहे.

याहून पुढची पायरी म्हणजे ‘टँडेम’ पद्धती. तिच्यात दोन भाषांचे दोन विद्यार्थी एकत्र काम करतात. निम्मा वेळ एकाच्या भाषेत, निम्मा वेळ दुसऱ्याच्या. या पद्धतीचा शैक्षणिक लाभ पुष्कळांनी वर्णिला आहे. तिच्यातील नैतिक अंग मात्र तितकेसे ध्यानात आलेले दिसत नाही. या पद्धतीत अडाणीपणाची पाळी आळीपाळीने येते. सकाळी जो अडखळतो, तोच दुपारी दुसऱ्याचे अडखळणे सांभाळून घेतो. आपण परभाषेत बोलताना आपल्या मनातील विचारापेक्षा किती लहान होतो, हा अनुभव दोघांनाही मिळतो. आणि समोरचा माणूस त्याच्या मोडक्या वाक्यांहून मोठा असला पाहिजे, हे अनुमान त्यातूनच निघते. समज या शब्दाचा जो गाभा आहे, तो हाच. तिसऱ्या भाषेत हा लाभ होत नाही. कारण तेथे दोघेही सारखेच लहान होतात आणि ते लहानपण कोणाच्या लक्षात येत नाही.

५. समाईक इतिहासपुस्तक

एलिझे कराराला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने जानेवारी २००३ मध्ये बर्लिन येथे सुमारे पाचशे फ्रेंच व जर्मन विद्यार्थ्यांची एक युवक-संसद भरली. तिने केलेल्या सूचनांपैकी एक अशी होती, की दोन्ही देशांतील शाळांसाठी इतिहासाचे एकच पुस्तक असावे. समारंभांतील ठराव सामान्यतः समारंभाबरोबरच विसर्जित होतात. हा ठराव दोन्ही सरकारांनी उचलून धरला. पॅरिसच्या नातां आणि श्टुटगार्टच्या क्लेट या प्रकाशनसंस्थांनी २००६ साली पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १९४५ नंतरचा काळ होता. व्हिएन्ना काँग्रेसपासून १९४५ पर्यंतचा खंड २००८ साली, आणि प्राचीन काळापासून नेपोलियनपर्यंतचा खंड २०११ साली निघाला. पुस्तकाचे शीर्षकही ‘इस्त्वार’ आणि ‘गेशिश्टे’ या दोन शब्दांना तिरक्या रेघेने जोडून तयार केलेले आहे.

हे पुस्तक केवळ मुलांच्या उत्साहातून जन्मले असे मानणे मात्र बरोबर होणार नाही. १९३५ मध्येच फ्रेंच व जर्मन इतिहासकारांनी पाठ्यपुस्तकांतील वादग्रस्त मुद्द्यांची एक सूची तयार केली होती. जर्मनीतील तत्कालीन राजवटीत तिचा उपयोग होणे शक्य नव्हते. १९५१ मध्ये ते काम पुन्हा हाती घेण्यात येऊन सुधारित सूची तयार झाली, आणि त्याच वर्षी ब्राउनश्वाइग येथे गेऑर्ग एकर्ट यांनी पाठ्यपुस्तकांच्या तौलनिक अभ्यासाची संस्था स्थापन केली. अर्ध्या शतकाच्या या मशागतीमुळेच युवकांचे बी रुजले. तथापि या पंडितांनी जे केले ते मुख्यतः चुका काढून टाकण्याचे काम होते. दोघांनी मिळून एक पुस्तक लिहावे ही मागणी विद्यार्थ्यांची होती.

हे काम किती अवघड होते, हे दोन्ही देशांची शिक्षणव्यवस्था पाहिल्याशिवाय कळणार नाही. फ्रान्समध्ये साऱ्या देशासाठी एक अभ्यासक्रम. जर्मनीत सोळा घटकराज्यांचे सोळा. अध्यापनाच्या परंपराही निराळ्या. फ्रेंच वर्गात रचनाबद्ध विवेचनाला महत्त्व. जर्मन वर्गात साधनांवरील चर्चेला आणि विद्यार्थ्याने स्वतःचे मत बनविण्याला. दोन्ही आवृत्त्यांची पाने एकमेकांशी जुळती ठेवून या दोन पद्धतींचा मेळ घालण्याचा प्रयत्न संपादकांनी केला.

परंतु पुस्तकाचे खरे वैशिष्ट्य मेळात नाही, मतभेदात आहे. महायुद्धांच्या प्रकरणावरून लेखकांत वाद होईल असा सर्वांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९४५ नंतरच्या खंडात मतभेद उद्भवले ते अमेरिका आणि साम्यवाद यांविषयी. फ्रेंच लेखकांची दृष्टी अमेरिकेच्या जागतिक भूमिकेकडे अधिक टीकेने पाहणारी होती. मार्शल योजना, बर्लिनचा हवाई पुरवठा आणि दारातली भिंत यांचा अनुभव घेतलेल्या जर्मनांची तशी नव्हती. उलट, ज्या देशात साम्यवादी पक्ष प्रतिकारलढ्याचा वारसदार म्हणून मान्यता पावला होता त्याला साम्यवाद जसा दिसला, तसा तो पूर्व जर्मनीची राजवट पाहिलेल्यांना दिसणे शक्य नव्हते. लेखकांनी हे मतभेद मधला मार्ग काढून बुजविले नाहीत. निरनिराळ्या भागांच्या शेवटी दोन्ही देशांच्या दृष्टी शेजारीशेजारी मांडणारी पाने त्यांनी घातली. पाठ्यपुस्तक म्हणजे निर्णयांची मालिका, अशी सवय झालेल्या विद्यार्थ्याला ‘येथे दोन शहाणी माणसे अजून एकमत झालेली नाहीत’ असे सांगणारे पान भेटावे, ही लहान गोष्ट नव्हे.

भाषादृष्टीने पाहता या ग्रंथाची कसोटी लागते ती काही विवक्षित शब्दांपाशी. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतील घडामोडींना फ्रेंच परंपरा ‘रानटी लोकांच्या स्वाऱ्या’ म्हणत आली. जर्मन परंपरा त्यांनाच ‘फ्योल्करवांडरुंग’, म्हणजे लोकसमूहांचे स्थलांतर, म्हणते. पहिला शब्द तटाच्या आतून पाहणाऱ्याचा, दुसरा बाहेरून येणाऱ्याचा. फ्रेंच ‘लिबेरासियाँ’ हा शब्द १९४४ च्या उन्हाळ्याची आठवण जागी करतो. जर्मन भाषेत ८ मे १९४५ या दिवसाला ‘मुक्तीचा दिवस’ म्हणण्याचे धैर्य राष्ट्राध्यक्ष फोन व्हाइत्सेकर यांनी १९८५ साली दाखविले, तेव्हा पराभव आणि मुक्ती हे शब्द एकाच दिवसाला लागू पडतात की नाही, यावर देशभर चर्चा झाली. ‘लाइसिते’ या फ्रेंच शब्दाला तर जर्मनमध्ये प्रतिशब्दच नाही. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य यांची फारकत केली. जर्मनीत आजही चर्चचा कर सरकारी यंत्रणा वसूल करते. आणि मौज अशी, की १९०५ साली जर्मनीच्या ताब्यात असल्यामुळे आल्सास प्रांताला तो फ्रेंच कायदा आजही लागू नाही. ज्या स्ट्रासबुर्गमध्ये दोन राजांनी शपथा घेतल्या, तेथे धर्मगुरूंचे वेतन राज्य देते. म्हणजे ‘लाइसिते’ हा शब्द खुद्द फ्रान्सच्या भूमीवरही सर्वत्र सारखा बसत नाही. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही ‘इहवाद’, ‘निधर्मी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांचा वाद शब्दांपुरता कधीच नव्हता.

अशा शब्दांपाशी दोन आवृत्त्यांचा खरा उपयोग होतो, आणि तेथेच या पुस्तकाची मर्यादाही दिसते. ज्याच्या हाती एकच आवृत्ती आहे, तो विद्यार्थी सर्व पुस्तक आपल्याच भाषेच्या घरात बसून वाचतो. भाषांतर सफाईदार झाले की सांधा दिसत नाही. आणि येथे तर सांधा दिसणे हेच प्रयोजन. दोन्ही आवृत्त्या उघडून बसणाऱ्या द्विभाषी वर्गाला जे मिळते, ते एकभाषी वर्गाला मिळू शकत नाही. पुस्तक समाईक झाले. वाचन समाईक होईलच, याची हमी पुस्तकाला देता येत नाही.

६. काही आक्षेप

वरील विवेचनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा, की परभाषेचा आग्रह धरणे म्हणजे या उपक्रमांचे दार सुशिक्षितांपुरते किलकिले ठेवणे होय. इंग्रजी निदान सर्वांना थोडीथोडी येते. २०१२ च्या युरोपीय पाहणीनुसार मातृभाषेखेरीज इंग्रजीत संभाषण करू शकणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्के होते. हे प्रमाण तरुणांत अधिक आहे हे मान्य केले, तरी ‘सर्वांना’ हा शब्द टिकत नाही. युवक-कार्यालयाचे शब्दसंग्रह सुताराच्या आणि स्वयंपाक्याच्या उमेदवारांसाठी आहेत. परभाषेचा आग्रह आणि लोकाभिमुखता यांत विरोध नाही, हे त्यांनीच दाखविले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाषा कळली म्हणजे समज येते, हे खरे असते तर बाल्कन प्रदेशात कधी युद्ध झालेच नसते. सर्ब, क्रोएट, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन लोक एकमेकांचे बोलणे दुभाष्याविना समजतात. फ्रेंच-जर्मन नमुन्यावर २०१६ साली पश्चिम बाल्कनमधील सहा सरकारांनी आपले प्रादेशिक युवक-सहकार्य कार्यालय स्थापन केले, तेव्हा त्याच्यापुढील अडचण बहुतांशी उलट होती : तेथे बोली मिळतीजुळती, पण भाषांची नावे चार. २०१७ साली सारायेवो येथे ‘समाईक भाषेचा जाहीरनामा’ निघाला, त्यावर त्या प्रदेशांत वादळ उठले. हा आक्षेप मान्य केला पाहिजे, कारण त्यामुळे आपले प्रतिपाद्य अधिक नेमके होते. समज येते ती शब्दांचा अर्थ कळल्याने नव्हे. दुसऱ्याच्या तोंडी त्या शब्दाला निराळा भूतकाळ आहे हे कळल्याने येते. भाषा जेथे उघड भिन्न आहे, तेथे हा भूतकाळ अडखळल्यावर जाणवतो. भाषा एकच असेल, तर तो जाणवून देण्यासाठी अधिक जाणीवपूर्वक प्रयत्न करावा लागतो.

याच संदर्भात जर्मन-पोलिश प्रयत्नाचा उल्लेख करणे उचित ठरेल. १९७२ पासून काम करणाऱ्या उभयपक्षी आयोगाने १९७६ मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी शिफारशी केल्या. युद्धानंतर पूर्वेकडून घालविल्या गेलेल्या जर्मनांच्या प्रश्नावर ‘हकालपट्टी’ म्हणावयाचे की ‘लोकसंख्येचे स्थानांतर’, या एका शब्दावरून पश्चिम जर्मनीत उग्र वाद झाला. चाळीस वर्षांनी, २०१६ ते २०२० या काळात, दोन्ही देशांचे समाईक इतिहासपुस्तक चार खंडांत पूर्ण झाले. एका शब्दाच्या अंतरावर थांबून राहण्याची ही सहनशीलता हेच त्या कार्याचे बळ होते.

तिसरा आक्षेप फ्रेंच-जर्मन चौकटीवरच आहे. पॅरिसच्या उपनगरातील वर्गात अल्जीरियन कुटुंबातील मुले आहेत. बर्लिनच्या वर्गात तुर्की कुटुंबांतील. १९५७ चा रोम करार झाला तेव्हा अल्जीरिया फ्रान्सचा भाग म्हणून त्या कराराच्या कक्षेत होता आणि त्याच वेळी तेथे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. युरोपच्या ऐक्याचा प्रारंभ ज्यांच्या घरी असा आठवला जातो, त्या विद्यार्थ्याला ‘फ्रेंच दृष्टी’ आणि ‘जर्मन दृष्टी’ अशी दोन पाने समोर ठेवल्यावर आपले पान कोणते, हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. या आक्षेपाला पुस्तकाच्या बाजूने पुरेसे उत्तर देता येईल असे वाटत नाही. इतकेच म्हणता येईल, की मतभेद छापण्याची रीत एकदा रूढ झाली म्हणजे दोन पानांची तीन पाने करणे अशक्य राहत नाही. एकमताची रीत रूढ झाली तर ते अशक्य होते.

७. उपसंहार

समाईक इतिहासपुस्तकाचा प्रसार मर्यादितच राहिला. मुख्यतः द्विभाषी वर्गांनी ते स्वीकारले, आणि २०१० नंतर फ्रान्समधील अभ्यासक्रम बदलल्याने खंडांची आखणी वर्गांच्या आखणीशी जुळेनाशी झाली. दुसरीकडे २०१९ च्या आखेन करारात भाषाशिक्षणाचे वचन पुन्हा देण्यात आले. एकच वचन पुन्हा द्यावे लागते, यातच त्याच्या पालनाची स्थिती सूचित होते. युरोपीय तरुणांच्या भेटी वाढत आहेत, आणि त्या भेटींत परस्परांच्या भाषेचा वाटा कमी होत आहे. समेट टिकून आहे म्हणून ही घट कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु समज नसलेला समेट सुकाळात टिकतो. वादाचा प्रसंग आला म्हणजे माणसे आपापल्या शब्दांकडे परततात, आणि तेव्हा समोरच्याचा शब्द पूर्वी कधी ऐकलेलाच नसतो.

फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचे एक मोकळे क्षेत्र आहे. या तीन खंडांच्या दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून राष्ट्र, लोक, मुक्ती, स्थलांतर, धर्म आणि राज्य या विषयांवरील शब्दयोजनेची पानोपानी तुलना करता येईल : प्रतिशब्द कोठे सहज मिळाला, कोठे मूळ शब्द तसाच ठेवावा लागला, कोठे एका शब्दासाठी वाक्य खर्ची पडले. या दोन्ही पक्षांशी आपला वारशाचा संबंध नाही, त्यामुळे ही तुलना आपण पुरेशा तटस्थतेने करू शकू. तिच्यासाठी तिसऱ्या भाषेतील अनुवादावर विसंबून चालणार नाही, हे निराळे सांगावयास नको.